तोंड काउंटरकडे, पाठ गर्दीकडे : नॅशव्हिलच्या वाचनालयातली सिव्हिल राइट्स रूम

ब्रॉडवेवरचे बार आणि कंट्री म्युझिकचं संग्रहालय उरकलं की नॅशव्हिल संपलं, असं बहुतेकांचं होतं. तिथून थोडंसंच चालत उत्तरेकडे गेलं की ६१५ चर्च स्ट्रीटला सार्वजनिक वाचनालयाची मुख्य इमारत लागते. तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. (दुसरा मजला अमेरिकन हिशेबाने, आपल्या भाषेत पहिला.) तिकीट नाही, आणि वाचनालयाचं सभासद असायचीही गरज नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत या शहरातल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या हक्कांसाठी जो लढा दिला, त्याची ही खोली. नावही साधंच : सिव्हिल राइट्स रूम.

याच राज्यात, मेम्फिसला, मार्टिन ल्यूथर किंग यांची जिथे हत्या झाली त्या लॉरेन मोटेलमध्ये राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. ते पाहायला अर्धा दिवस लागतो आणि पाहून माणूस सुन्न होतो. नॅशव्हिलची खोली त्याच्यापुढे इवलीशी आहे. पण एका बाबतीत ती सरस आहे. चळवळ केली कशी, म्हणजे कोणी कुठे बसायचं, काय बोलायचं नाही, उठायचं कधी, मागून फटका बसला तर करायचं काय, हे इथे जितकं हाताशी येतं तितकं मोठ्या संग्रहालयांत येत नाही. तिथे नायक भेटतात, इथे कार्यपद्धती भेटते. नायकांचे फोटो हवे असतील तर मेम्फिस गाठावं. गावात किंवा कॉलेजात चार माणसं जमवून काही करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी मात्र ही खोली चुकवू नये.

खोलीत मधोमध स्टुलं मांडलेला एक वर्तुळाकार काउंटर आहे. १९६० साली शहरातल्या दुकानांत असायचे त्या लंच काउंटरची, म्हणजे कृष्णवर्णीयांना वाढायला नकार देणाऱ्या खाण्याच्या काउंटरची, ही खूण; विद्यार्थी तिथे जाऊन बसले, तीच ही चळवळ. भोवती त्या दिवसांचे मोठे केलेले कृष्णधवल फोटो, तारखांचा पट, आणि काचेपलीकडे माहितीपट बघायची जागा. काचेवर किंग यांचं वाक्य कोरलंय : आपण नॅशव्हिलला स्फूर्ती द्यायला नव्हे, घ्यायला आलो आहोत. ते हे बोलले २० एप्रिल १९६० ला फिस्क विद्यापीठात, आणि ती नुसती पाहुण्याची गोड भाषा नव्हती, हे पुढे कळेलच. खिडकीतून चर्च स्ट्रीट आणि सेव्हन्थ ॲव्हेन्यूचा चौक दिसतो. निदर्शनं याच परिसरात झाली.

आत शिरल्यावर माणसं आधी फोटोंकडे वळतात. तसं करू नका. थेट स्टुलावर बसा आणि काउंटरच्या पृष्ठभागावर काय कोरलंय ते वाचा. तिथे दहा नियम आहेत. जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिले आणि सायक्लोस्टाइल करून सत्याग्रहींना वाटले. दोघंही अमेरिकन बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेत, शिकत होते. लुईस त्या वेळी वीस वर्षांचे होते. पुढे तीन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिले.

पहिले पाच नियम 'करू नका'चे. शिवी दिली, मारलं, तरी उलट हात उगारू नका, उलट शिवी देऊ नका. खिदळू नका. दुकानात फिरता पहारा करणाऱ्या माणसाशी गप्पा मारू नका. म्होरक्याने परवानगी दिल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाबाहेरची दारं आणि आतल्या मांडणीमधल्या वाटा अडवू नका. पुढचे पाच 'करा'चे. सगळ्यांशी मैत्रीने आणि अदबीने वागा. ताठ बसा, तोंड सतत काउंटरकडे ठेवा. गंभीर काही घडलं तर म्होरक्याला कळवा. कोणी माहिती विचारली तर नम्रपणे म्होरक्याकडे पाठवा. आणि शेवटी येशू ख्रिस्त, महात्मा गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण आठवा.

वाचायला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक जण दोन मिनिटांत उठतातही. पण या यादीत भाबडेपणा कुठेच नाही. वाटा अडवू नका हा नियम सभ्यतेपेक्षा कायद्याच्या धाकाने आलेला आहे : वाट अडली की पोलिसांना आयताच गुन्हा सापडतो. पहारेकऱ्याशी बोलू नका, कारण एकाने वाद घालायला तोंड उघडलं की काउंटरवरच्या सगळ्यांची शिस्त त्या वादात ओढली जाते. हसू नका, कारण वर्तमानपत्राच्या फोटोत हसणारा मुलगा टारगट दिसतो आणि त्याच्यामागे सिगारेट घेऊन उभा असलेला गोरा पोरगा निरुपद्रवी दिसतो. माहिती म्होरक्याने द्यायची, कारण दहा तोंडांनी दहा मागण्या बाहेर गेल्या की दुकानदार त्यातली सगळ्यात स्वस्त मागणी उचलतो. म्होरके मात्र बदलते होते. विद्यार्थ्यांच्या मध्यवर्ती समितीचं अध्यक्षपद फिरतं ठेवलेलं होतं, म्हणजे एकाला उचललं तरी गाडी अडू नये.

काउंटरच्या रचनेबद्दलची मोठी तक्रार इथेच. तो वर्तुळाकार आहे, त्यामुळे बसलेली माणसं एकमेकांच्या समोर येतात. दिसायला छान, शाळेच्या सहलीला गोल करून बसवायला सोयीचं. पण खऱ्या काउंटरवर समोर वाढप्याची जागा आणि भिंत असायची, आणि ग्राहकांच्या पाठीमागून दुकानातली ये-जा चालायची. 'तोंड सतत काउंटरकडे' या नियमाचा अर्थ तिथे उलगडतो : पाठ गर्दीकडे ठेवायची, मागे कोण काय करतंय ते बघायला वळायचं नाही. मानेवर विझवलेली सिगारेट, डोक्यावर ओतलेलं पेय, स्टुलावरून खाली ओढणारे हात, सगळं मागूनच येत होतं. गोल काउंटरने ही भीती काढून घेतली आहे. यावर उपाय सोपा आहे. सोबत कोणी असेल तर त्याला आपल्या मागे वीतभर अंतरावर, न बोलता, दोन मिनिटं उभं राहायला सांगा आणि तेवढ्या वेळात दहाही नियम वाचा. ओळखीचा माणूस असूनही मान आपोआप वळते. 'करा'च्या यादीतल्या नियम क्रमांक दोनची किंमत तेव्हा कळते.

हे न वळणं शिकवलं कोणी, याचं उत्तर नागपुरातून जातं. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट धर्मोपदेशक. कोरियन युद्धाच्या वेळी त्यांनी सैन्यभरतीला नकार दिला आणि तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ मध्ये ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. खेळाचे प्रशिक्षक म्हणून तीन वर्षं राहिले आणि त्या काळात गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याविरुद्ध अलाबामातल्या मंटगोमरीत झालेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते परतले. (ज्या नागपुरात त्याच वर्षी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहराची या खोलीशी जोडलेली ही गाठ नागपूरकरांनाही फारशी माहीत नसते.) १९५७ च्या सुरुवातीला ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. शिकत बसू नका, आत्ता दक्षिणेत या, असं किंग यांनी सुचवलं. १९५८ पासून लॉसन नॅशव्हिलमध्ये होते, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलचे (धर्मशास्त्र शाखेचे) विद्यार्थी म्हणून.

पाद्री केली मिलर स्मिथ यांची संघटना शहरात उभी होतीच. तिच्या आधाराने लॉसन यांनी क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चमध्ये कार्यशाळा सुरू केल्या. फिस्क, टेनेसी ए अँड आय, मेहॅरी आणि सेमिनरी अशा शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या चार संस्थांमधली मुलं तिथे येत. शिकवायची पद्धत नाटकाच्या तालमीसारखी. निम्मी मुलं काउंटरवर बसलेल्यांचं काम करत, निम्मी अंगावर येणाऱ्या गोऱ्या टोळक्याचं. शिव्या खऱ्या, धक्के खरे. खाली पडलं तर डोकं आणि पोट कसं झाकायचं, सोबत्यावर मार पडत असेल तर मारणारा आणि सोबती यांच्यामध्ये अंग कसं घालायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं. ज्याला राग आवरत नाही त्याने काउंटरवर बसायचं नाही. गाड्या चालवणं, फोन सांभाळणं, निरोप पोचवणं अशी कामं करायची. त्याला कोणी कमी लेखत नसे. यादीत हे कलम नाही, पण बाकीच्या कलमांचं ओझं यानेच पेललं.

लंच काउंटरच का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडेल, कारण ही चीज आपल्याकडे नाही. वूलवर्थ, क्रेस, मॅकलेलन्स ही किरकोळ मालाची मोठी दुकानं. टूथपेस्टपासून मोज्यांपर्यंत सगळं तिथे मिळायचं, आणि एका बाजूला सँडविच-कॉफीचा काउंटर असायचा. कृष्णवर्णीय ग्राहकाचे पैसे मोज्यांच्या गल्ल्यावर चालायचे, कॉफीच्या गल्ल्यावर चालायचे नाहीत. आपल्या गावातल्या हॉटेलात वळचणीला खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपबशीची आठवण ज्यांच्या घरात अजून निघते, त्यांना जास्त समजावायला नको. महाडला मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चवदार तळं हाकेच्या अंतरावर असताना चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. पैसे चालतात, माणूस चालत नाही, हा व्यवहार दोन्हीकडे सारखा. नॅशव्हिलच्या मुलांनी नेमकं हेच जोखलं. आधी दुकानात काहीतरी किरकोळ विकत घ्यायचं, म्हणजे आपण ग्राहक आहोत याचा पुरावा हातात राहतो. मग काउंटरवर जाऊन बसायचं आणि मागणी द्यायची. नकार आला की उठायचं नाही, पुस्तक काढून अभ्यास करायचा.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये हार्वीज आणि केन-स्लोन या दुकानांत चाचणी झाली. गेले, नकार ऐकला, व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलले, परत आले. पुढच्या १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला चार विद्यार्थी बसले आणि देशभर बातमी झाली. नॅशव्हिलची मुलं तोवर काही महिने तालीम करून तयार होती. १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ विद्यार्थी तीन दुकानांत बसले. दुकानदारांनी काउंटरच बंद केले. मुलं दोन-एक तास बसून शांतपणे परतली. पुढच्या दोन खेपांना संख्या वाढत गेली.

२७ फेब्रुवारीच्या शनिवारी दुकानांत गोऱ्या तरुणांची टोळकी शिरली. मुलांना मारलं, ओढलं, आणि अटक झाली ती मार खाणाऱ्यांना : ८१ विद्यार्थी. पण एक रांग पोलीस घेऊन गेले की दुसरी रांग येऊन त्याच स्टुलांवर बसायची, ती नेली की तिसरी. पोलिसांच्या गाड्या भरल्या, स्टुलं रिकामी होईनात. फोटो बघताना चेहऱ्यांवर थांबू नका. चेहरे शांतच आहेत, ते शिकवलेलंच होतं. बघायचं ते पाठीमागची माणसं किती जवळ आहेत ते, आणि बसलेल्यांचे हात कुठे आहेत ते.

दोन दिवसांनी खटले सुरू झाले. विद्यार्थ्यांचे वकील होते झेड. अलेक्झांडर लूबी. वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वाचा जन्म, शहराच्या कौन्सिलवर १९५१ पासून निवडून आलेले. ते युक्तिवाद करत असताना न्यायाधीशांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. पाठ करण्याची ही दुसरी तऱ्हा. दंड ठोठावला ५० डॉलर. भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. यातही हिशेब होता : दंड भरला की पालकांचे पैसे सरकारजमा होतात आणि प्रकरण मिटतं, तुरुंगात बसलं की सरकारचा खर्च चालू राहतो आणि बातमीही. ३ मार्चला व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. निषेध म्हणून डीन आणि बऱ्याच प्राध्यापकांनी राजीनामे दिले. (त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये लॉसन यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं. जून २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी ते वारले.)

महापौर बेन वेस्ट यांनी गोऱ्या-काळ्यांची संयुक्त समिती नेमली. समितीने सुचवलं : काउंटरचे दोन भाग करा, एक फक्त गोऱ्यांचा, एक सगळ्यांसाठी. विद्यार्थ्यांनी नाकारलं, आणि योग्यच केलं; भेदभाव अर्धा केला तरी तो भेदभावच, शिवाय त्याला आता कृष्णवर्णीयांची सही मिळाली असती. तोवर दुसरं हत्यार उपसलेलं होतं. ईस्टर १७ एप्रिलला होता, आणि ईस्टरला नवे कपडे घेणं म्हणजे आपल्याकडची दिवाळीची खरेदी. कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहराच्या मध्यभागातल्या दुकानांत पाऊल टाकणं बंद केलं. गोरे ग्राहकही गोंधळाला कंटाळून येईनासे झाले. बसणाऱ्या मुलांनी प्रश्न वर आणला. दुकानदारांना खरी झळ लागली ती या रिकाम्या गल्ल्याने. हा बहिष्कार मुख्यतः बायकांनी चालवला, कारण घरची खरेदी त्यांच्या हातात होती. फोटोत मात्र बायका कमी दिसतात. न केलेल्या खरेदीचा फोटो काढणार कसा? कुठल्याही चळवळीच्या दालनाची ही अडचण असते. इथे बघणाऱ्याने ती आपण होऊन भरून घ्यायची.

१९ एप्रिलच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास लूबींच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. नेम खिडकीचा होता, पण स्फोटकं भिंतीवर आपटली. लूबी पती-पत्नी वाचले. रस्त्यापलीकडच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या १४० हून अधिक काचा फुटल्या. त्याच दिवशी काही हजार लोक जेफरसन स्ट्रीटवरून कोर्टहाउसकडे चालत गेले. घोषणा नाही, गाणं नाही, फक्त पावलांचा आवाज.

पायऱ्यांवर महापौर आले. पाद्री सी. टी. व्हिव्हियन यांनी कडक शब्दांतलं निवेदन वाचलं, महापौर चिडले, बाचाबाची झाली. तेव्हा फिस्कमध्ये शिकणारी एकवीस वर्षांची डायेन नॅश पुढे झाली आणि प्रश्नाचा रोखच बदलला. कायदा काय म्हणतो, दुकानदारांचा अधिकार काय, हे बाजूला ठेवून तिने माणूस म्हणून विचारलं : केवळ वंश किंवा रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर हो म्हणाले. मग लंच काउंटर सगळ्यांना खुले व्हावेत अशी शिफारस तुम्ही करता का? पुन्हा हो. सारवासारव नंतर झाली, पण दुसऱ्या दिवशीच्या मथळ्याला तो होकार पुरला. या दोन प्रश्नांसाठी माहितीपट बघा. चित्रफितीत मुलीचा आवाज चढत नाही. तालीम कार्यशाळेतच झालेली असते, पायऱ्यांवर फक्त प्रयोग.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही, आणि काम करणाऱ्याला तेच सगळ्यात उपयोगी. दुकानदारांशी गुपचूप बोलणी झाली. ठरलं असं की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कृष्णवर्णीय ग्राहकांनी छोट्या छोट्या गटांनी यायचं. नोकरांना आधी सांगून ठेवायचं. वर्तमानपत्रांनी गाजावाजा करायचा नाही. १० मे १९६० ला दुपारी सहा दुकानांतल्या काउंटरवर पहिल्यांदा त्यांना वाढलं गेलं. दक्षिणेतल्या मोठ्या शहरांत सर्वांत आधी खुले झालेल्या काउंटरांमध्ये नॅशव्हिलचे काउंटर होते. दुकानदाराला तोंड लपवायला जागा ठेवली होती, हे या यशाचं अर्धं गमक. विजयाची मिरवणूक काढली असती तर करार मोडला असता.

खोलीवर दुसरा आक्षेप तोलाचा आहे. काउंटर मध्यभागी ठेवला की १९६० चे तीन महिने मध्यभागी येतात आणि बाकीचा इतिहास भिंतीला चिकटतो. वास्तविक शहराची गोष्ट मागे १९०५ पर्यंत जाते. त्या वर्षी ट्राममध्ये वेगळं बसवण्याचा कायदा आला. कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार घातला आणि आर. एच. बॉइड प्रभृतींनी स्वतःची वाहतूक कंपनी काढली. गाड्या शहराचे चढ चढताना दमत, वर नगरपालिकेने कर बसवला, आणि कंपनी बुडाली. १९५७ मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर शाळा एकत्र करायला सुरुवात झाली, पण वर्षाला एक इयत्ता या गतीने. त्या सप्टेंबरात पहिलीतली सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, आणि त्याच मध्यरात्रीनंतर हॅटी कॉटन ही शाळा स्फोटाने उद्ध्वस्त झाली. तिथे अशी मुलगी होती एकच.

काउंटर उघडले म्हणून शहर उघडलं नाही. १९६१ मध्ये मुलं चित्रपटगृहांकडे वळली. तिथे बसायला जागाच नव्हती, म्हणून रांगेत उभं राहायचं, तिकीट मागायचं, नकार आला की रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहायचं. खिडकीवरचा माणूस दिवसभर त्याच माणसांना नकार देत बसे. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला फ्रीडम रायडर्सवर, म्हणजे आंतरराज्य बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या प्रवाशांवर, हल्ला झाला आणि ती यात्रा थांबायच्या बेतात होती. ती पुढे नेली नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी. निघण्यापूर्वी काहींनी मृत्युपत्रं लिहून ठेवली. रेस्टॉरंट आणि हॉटेलांची झुंज १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत चालली. आणि साठच्या दशकाच्या शेवटी ज्या जेफरसन स्ट्रीटवरून तो मूक मोर्चा गेला, त्या वस्तीला चिरत आंतरराज्य महामार्ग ४० गेला. रहिवाशांनी कोर्टात दाद मागितली, हरले, आणि दुकानं-घरं बुलडोझरखाली गेली. काउंटरवर जे मिळवलं ते नकाशावर गमावलं. हा भाग सविस्तर हवा असेल तर नुसत्या खोलीवर भागत नाही.

त्यासाठी वाचनालयाचा स्पेशल कलेक्शन्स विभाग आहे. तोंडी इतिहासाच्या मुलाखती आहेत, आणि बंद पडलेल्या 'नॅशव्हिल बॅनर' या दैनिकाचा फोटोंसह सगळा संग्रह आहे. बॅनर हे चळवळीच्या विरोधातलं वर्तमानपत्र, त्यामुळे विरोधकांच्या बाजूने घटना कशी दिसली हे त्यातून कळतं. बऱ्याच गोष्टी वाचनालयाच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या बघता येतात; नागपूर-पुण्यात बसून हिस्लॉपच्या माजी प्रशिक्षकावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेचं तिकीट काढायची गरज नाही. शोधताना घटनेचं नाव टाकण्यापेक्षा तारीख टाका किंवा दुकानाचं नाव टाका, हाती जास्त लागतं.

जाताना वेळेचा हिशेब असा. काउंटर आणि नियम वीस मिनिटं, फोटो आणि तारखांचा पट वीस-पंचवीस, माहितीपट बघणार असाल तर आणखी तासभर. वाचनालयाच्या वेळा आणि सुट्ट्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. ही सार्वजनिक इमारत आहे, संग्रहालय नव्हे, शनिवार-रविवार गृहीत धरू नये. गट घेऊन जात असाल तर आधी कळवा. कर्मचारी स्वतः गटासाठी सत्र घेतात, आणि त्याची सर एकट्याने पाट्या वाचण्याला नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना माहितीपटातली मारहाण दाखवायची की नाही ते आधी ठरवा. कंटाळलेल्या मुलांसाठी त्याच इमारतीत बालविभाग आहे.

खोलीनंतर पायी फिरलंच पाहिजे. चर्च स्ट्रीटने पूर्वेकडे गेलं की पूर्वीचा फिफ्थ ॲव्हेन्यू लागतो. २०२१ पासून त्याचं नाव रेप्रेझेंटेटिव्ह जॉन लुईस वे. वूलवर्थ, क्रेस, मॅकलेलन्स एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून काही पावलांवर होते. एका दुकानातली बातमी दुसऱ्यात पोचायला फोन लागत नव्हता, हे तिथे उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. दुकानं केव्हाच गेली, काही इमारती उभ्या आहेत. तिथून उत्तरेला कोर्टहाउसच्या पायऱ्या, आणि बाजूला वॉल्टर हूड यांनी उभारलेल्या, त्या काळच्या फोटोंच्या प्रतिमा काँक्रीटमध्ये उमटवलेल्या 'विटनेस वॉल्स' या भिंती. हा भाग अर्ध्या-पाऊण तासात सहज होतो.

लूबींचं घर होतं तो मेहॅरी बुलेव्हार्ड, फिस्क आणि क्लार्क मेमोरियल चर्च हे उत्तर नॅशव्हिलमध्ये आहे. तिथे बसने किंवा गाडीने जावं लागतं, महामार्ग ४० मध्ये येतो. लॉसन यांच्या कार्यशाळा व्हायच्या ते चर्च फोर्टीन्थ ॲव्हेन्यू नॉर्थवर आहे, विटांचं, साधं. ते चालतं चर्च आहे. आत जायचं असेल तर आधी विचारून जावं, आणि रविवारी सकाळी गेलात तर कॅमेरा खिशात ठेवून मागच्या बाकावर बसावं.